मात्सुमोतो पायी फिरलेल्यांनो, लिहा!

जपानात राहणारे, फिरून आलेले, सगळ्यांना आमंत्रण. या शहरातल्या किल्ल्याची माहिती कुठेही मिळते, तुमच्या पायांना काय आठवतंय ते सांगा. सुरुवात मी करते.

राजगड-तोरणा करणाऱ्यांसाठी किल्ला म्हणजे आधी चढ. इथे स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं सपाट रस्त्याने दुकानं बघत चालले, आणि एकदम समोर खंदक, त्यात तो काळा मनोरा. एवढंच? म्हणून नाक मुरडलं. तर चढ यांनी आत ठेवलाय! बूट पिशवीत घालून हातात धरायचे, पायात फक्त मोजे, लाकूड गुळगुळीत, आणि सगळ्यात उभा जिना ६१ अंशांचा. काही पायऱ्या जवळपास ४० सेंटिमीटर उंच. मी चक्क चार पायांवर चढले. बाहेरून पाच मजले दिसतात, आत सहा आहेत. तिसरा बिनखिडक्यांचा, लपवलेला. बंदुकीच्या फटींमधून बघत उतरल्यावर शेवटी चंद्र बघायची खोली लागते, तीन बाजूंनी उघडी, लाल कठड्याची. शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, येणार म्हणून बांधली, तो आलाच नाही.

*

जिन्याचं वाचून हसू आलं. आमचे सासरे खालूनच म्हणाले, "तुम्ही या जाऊन." आम्ही घामाघूम होऊन आलो तर सासरे गेंची विहिरीवर पाणी पिऊन ताजेतवाने! झऱ्याचं पाणी, फुकट. तिथल्या एका आजींनी त्यांना खुणेनं बाटली आधी विसळायला लावली म्हणे. अजून सांगतात.

*

मी गल्ल्यांचा माणूस. जुन्या किल्लेगावात रस्ते मुद्दाम काटकोनात मोडलेले असतात, शत्रूला सरळ धावत येता येऊ नये म्हणून. मी शत्रू नव्हतो, तरी दोनदा त्याच कोपऱ्यावर आलो. नाकामाची या जुन्या व्यापारी गल्लीत मात्र हरवावंच: भिंतींवर काळ्या फरशा, मधे चुन्याच्या फुगीर तिरक्या रेघा. आगींनी पोळलेल्या व्यापाऱ्यांनी अशा जाड मातीच्या भिंतींची कोठारं बांधली. नदीकाठच्या नावाते गल्लीत जिकडेतिकडे बेडूक. जपानीत बेडूक आणि 'परत येणे' दोन्ही 'काएरु'. एक चिनीमातीचा घेतला. तो घरापर्यंत नीट परत आला, छत्री मात्र ट्रेनमध्येच राहिली.

*

शाकाहारींनो, थंड सोबाही (कुट्टूच्या पिठाच्या शेवया) निर्धास्त मागवू नका. बुडवायच्या रसात बहुतेक ठिकाणी माशाचा अर्क असतो. मला अर्धी थाळी संपल्यावर कळलं.

*

१८७२ साली हा मनोरा लिलावात गेला होता, पाडायच्या बेतात. इचिकावा र्योझो नावाच्या गावकऱ्याने आतच प्रदर्शनं भरवून पैसे उभे केले आणि वाचवला. हे मला घरी आल्यावर कळलं, नाहीतर त्या जिन्याला एवढ्या शिव्या घातल्या नसत्या. आणि हो, जानेवारीत जाणार असाल तर मोज्यांचे दोन जोड घाला. फरशी नाही, लाकूडच आहे, पण बर्फासारखं.