शब्दचर्चा: लोप, ऱ्हास की झडणे?

शब्दवेडी: एका लेखाचं मराठी करतेय. काही प्रजातींत नराचा भपका (लांब शेपटी, रंग, गाणं) पिढ्यान्‌पिढ्या कमी होत नाहीसा होतो आणि त्यात मादीच्या निवडीचा हात असतो, असा विषय. या नाहीसं होण्याला 'ऱ्हास' म्हणू? की 'झडणे'?

टिटवी: 'ऱ्हास' नको. किल्ल्यांचा, नीतीचा ऱ्हास होतो. त्यात हळहळ आलीच. गोची खरं तर 'उत्क्रांती'तच आहे. 'उत्' म्हणजे वर, म्हणून काही गमावलं की आपल्याला ती घसरण वाटते. 'झडणे'ही चालणार नाही. पावसाळा सरल्यावर मोराचा पिसारा झडतो, पण तो पुन्हा येतो. वंशातूनच गेलं तर 'लोप'. व्याकरणात स्वराचा लोप होतो, त्याचं कुणी सुतक पाळत नाही.

काचपेटी: 'लोप'ला माझं मत. मासे पाळणाऱ्यांना स्वोर्डटेल माहीत असेल. नराच्या शेपटीची खालची कड तलवारीसारखी लांब वाढते. मेक्सिकोतल्या नद्यांत त्याचा भाऊबंद आहे, झिफोफोरस बिर्चमनी. त्याच्या नराला तलवार नाही, आणि माद्यांना बिनतलवारीचेच नर पसंत. इथे 'नावड' शब्द चपखल बसतो.

पण दागिना नाही म्हणजे आवडही नाही, असं समजू नका. प्लॅटी माशाच्या नरालाही तलवार नसते. अलेक्झांड्रा बासोलो यांनी त्या नरांना प्लास्टिकच्या तलवारी जोडल्या, तर माद्या त्यांच्याकडेच वळल्या! हे १९९० साली छापून आलं.

शब्दवेडी: आणि 'लैंगिक निवड'? वाचणारा भलतीकडे जातो. 'वरणे'वरून 'वरण' करावं का?

टिटवी: करा, आणि वर तूप घाला. 'जोडीदाराची निवड' पुरे.

किर्रर्र: माझं उदाहरण जरा वेगळं आहे. हवाई बेटांपैकी कवाईवरचे रातकिडे. नर पंखावर पंख घासून गातो, पण ते गाणं ऐकून एक परजीवी माशीही येते आणि त्याच्यावर अळ्या सोडते. त्या अळ्या त्याला आतून खातात. मार्लीन झूक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये लिहिलं की २० पेक्षा कमी पिढ्यांत तिथले बहुतेक नर मुके झाले. पंखावरची घासायची रचनाच गेली. उरलेल्या एखाद्या गाणाऱ्याच्या आसपास हे मुके दबा धरून बसतात आणि त्याच्याकडे निघालेली मादी वाटेतच गाठतात.

आता इथे मादीला गाणं नावडतं म्हणून ते गेलं नाही, गेलं माशीमुळे. पण गाणं नाही म्हणून माद्यांनी सरसकट पाठ फिरवली असती तर मुक्यांचा वंश चालला नसता. कवाईच्या माद्या गाण्याबाबत तितक्या काटेकोर नाहीत, असं पुढच्या अभ्यासात दिसलं. म्हणजे 'नावड' नाही, 'चालवून घेणे'. हा शब्द लेखात हवाच.

शब्दवेडी: 'तडजोड' का नको?

किर्रर्र: तडजोडीत दोघं थोडं थोडं सोडतात. मुक्या नराकडे सोडायला काय आहे? चालवून घेणं एकतर्फीच असतं.

काचपेटी: मग माझ्या बिर्चमनीला 'नावडीचा लोप' आणि तुमच्या रातकिड्याला 'खपवून घेतलेला लोप'?

किर्रर्र: 'खपवून' नको, त्यात नाक मुरडलेलं दिसतं. 'चालवून'च.