परदेशी जाताना इथली पॉलिसी मोडू नका
तीन वर्षं जर्मनीत असताना इथल्या आरोग्यविम्याचा हप्ता कशाला भरायचा, असं तुम्ही विचारलंय. कळकळीने सांगते, पॉलिसी मोडू नका. परत आल्यावर नवी घेतलीत, की आधीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा, म्हणजे त्या आजारांचा खर्च विमा देत नाही तो काळ, पुन्हा पहिल्यापासून. एप्रिल २०२४ पासून ती जास्तीत जास्त ३६ महिने आहे, पूर्वी ४८ होती. पण तुम्हाला मधुमेह आहे, तीन वर्षं थोडी नाहीत. शिवाय तोवर वय वाढलेलं असेल.

वार्षिक हप्ता चुकला तर वाढीव मुदत फक्त ३० दिवसांची. माझ्या भावाचा इथला मोबाइल नंबर बंद पडला, आठवणीचे मेसेज पोचलेच नाहीत आणि अकरा वर्षांची पॉलिसी गेली. निघण्याआधीच एनआरओ खात्यातून (परदेशी राहणाऱ्यांचं इथल्या बँकेतलं रुपयांतलं खातं) हप्ता आपोआप जाईल अशी सोय करा.