'ऊर्ध्व इजिप्त', 'वरचा इजिप्त' की 'उत्तर इजिप्त'?

प्रश्न :
ज्ञानकोशासाठी प्राचीन इजिप्तवरील लेखांची फेरमांडणी करताना मी एका शब्दापाशी अडलो आहे. या देशाचे परंपरेने दोन भाग मानले जातात : अस्वानपासून उत्तरेकडे येणारे नाईलचे अरुंद खोरे आणि समुद्रालगतचा त्रिभुज प्रदेश. त्यांपैकी पहिल्याला माझ्यासमोरच्या मजकुरात कुठे 'वरचा', कुठे 'ऊर्ध्व', तर एके ठिकाणी चक्क 'उत्तर इजिप्त' म्हटले आहे. हा भाग देशाच्या दक्षिणेला असल्यामुळे शेवटचा शब्द सरळसरळ चुकीचा ठरतो. वर्गाचे नाव एकच ठेवायचे, तर ते कोणते असावे?

प्रतिसाद १ :
'उत्तर' हा शब्द टाळायलाच हवा, पण ती चूक कशी होते हे समजून घेण्यासारखे आहे. संस्कृतात 'उत्तर' म्हणजे 'उत्' या उपसर्गाचे तरभाववाचक रूप, म्हणजे मुळात 'अधिक वरचे'. दिशेचा अर्थ त्यातूनच आला. त्यात भिंतीवरच्या नकाशात उत्तर दिशा वर असते, म्हणून आपणही सहज 'वर दिल्लीला' म्हणतो. नाईल मात्र दक्षिणेकडून उत्तरेला, भूमध्य समुद्राकडे वाहते. तेव्हा तिथे 'वर' म्हणजे उगमाकडे, अर्थात दक्षिणेला.

प्राचीन इजिप्ती भाषेत ही नदीची दिशा फार खोल रुजलेली होती. दक्षिणेला जाणे म्हणजे प्रवाहाविरुद्ध जाणे, आणि त्या क्रियापदासोबत शीड उभारलेल्या नावेचे चिन्ह काढत, कारण वारा उत्तरेकडून वाहत असे. उत्तरेला जाण्याच्या क्रियापदासोबतची नाव शिडाविना असे. इ.स.पू. १५०० च्या सुमारास पहिला थुतमोस या इजिप्तच्या राजाच्या तोंबोस (नुबिया, आजचे सुदान) येथील शिलालेखात, दक्षिणेकडे वाहणाऱ्या युफ्रेटिसचे वर्णन 'उलटे पाणी' असे आले आहे. तोंड दक्षिणेला करून दिशा मोजल्यामुळे त्यांच्याकडे उजवी बाजू म्हणजे पश्चिम झाली. आपल्याकडे पूर्वाभिमुख उभे राहिल्याने उजवा हात 'दक्षिण' झाला, हे साम्य मला फार मोलाचे वाटते.

मराठीत यासाठी नवा शब्द घडवण्याची गरजच नाही. पाटबंधाऱ्यांच्या नावांत 'ऊर्ध्व वर्धा', 'निम्न वर्धा', 'निम्न तेरणा' अशी जोडी रूढ आहे आणि तिथे या शब्दांचा अर्थ नेमका नदीच्या प्रवाहावरूनच ठरतो. फक्त एक काळजी घ्यावी : वर्धा दक्षिणेकडे वाहत असल्याने तिथे 'ऊर्ध्व' भाग उत्तरेलाच पडतो आणि वाचकाला काही खटकत नाही. नाईलच्या बाबतीत ते उलट आहे, म्हणून लेखाच्या पहिल्याच वाक्यात 'दक्षिणेकडील, उगमाच्या बाजूचा' असे लिहावे.

प्रतिसाद २ :
'ऊर्ध्व' मान्य, परंतु 'निम्न' या शब्दाबद्दल मला शंका आहे. 'निम्न मध्यमवर्ग' यासारख्या प्रयोगांमुळे त्याला कमीपणाची छटा आली आहे आणि दोन्ही भागांचे राजचिन्ह तोलामोलाचे होते. पांढरा मुकुट ऊर्ध्व भागाचा, लाल मुकुट त्रिभुज प्रदेशाचा, आणि आरंभीचा राजा नारमेर याच्या कोरीव दगडी पाटीवर एकाच राजाच्या डोक्यावर एका बाजूला पांढरा व दुसऱ्या बाजूला लाल मुकुट कोरलेला आहे. तरीही 'अधर' म्हटले तर ओठ आठवतो आणि 'खालचा' म्हटले की नकाशाचा घोटाळा परत येतो, म्हणून शेवटी 'निम्न'च बरा.

प्रतिसाद ३ (प्रश्नकर्ता) :
दोघांचेही मनापासून आभार. 'ऊर्ध्व इजिप्त' आणि 'निम्न इजिप्त' ही वर्गनावे ठेवतो. 'वरचा' व 'खालचा' या नावांनी शोधणाऱ्यांसाठी पुनर्निर्देशने करतो. 'उत्तर इजिप्त'चे पुनर्निर्देशन मात्र 'निम्न'कडे जाईल, 'ऊर्ध्व'कडे नाही. मुकुटांच्या लेखातही हेच शब्द वापरून घेतो.