कुरडूचं बी उगवतं, पण रोपं कोलमडतात

काळीमाती: सोलापूरकडे पाणी मोजूनच मिळतं, म्हणून कुंपणालगतच्या १० फुटांच्या पट्टीत रानातला गुलाबी तुऱ्याचा कुरडूच हवाय, नर्सरीतलं कोंबड्याचं फुलझाड नको. बी अर्धा इंच खोल पेरून रोज पाणी दिलं. निम्मं उगवलंच नाही, उगवलं ते चार पानांवर बुडाशी काळं पडून आडवं झालं. काय चुकलं?

बांधावरचा: दोन चुका. बी राजगिऱ्याएवढं, इतक्या खोलातून कोंब वर येत नाही. चमचाभर बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळून फेका, वर माती जेमतेम बी झाकेल इतकीच भुरभुरा. पाणी झारीनेच, नळीच्या धारेनं सगळं बी एका कोपऱ्यात जमा होतं.

आडवं पडणं ही मर, म्हणजे बुरशी. काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात तुम्ही रोज शिंपताय. वाफा चार-सहा इंच उंच करा, वरच्या थरात वाळू मिसळा. उगवल्यावर बोट खुपसून बघा, वरचा इंचभर कोरडा लागला तरच पाणी. मग फुटाफुटावर एकेक रोप ठेवून बाकीची उपटा. उपटलेल्याची लसूण-मिरची घालून भाजी होतेच!

तुरेवाली: पेरणी मृगाच्या पावसावर करा. हे लहान दिवसांत फुलणारं झाड आहे. सप्टेंबरात पेरलंत तर वीत-दीड वीत वाढून लगेच तुरा काढेल. आणि युरिया अजिबात नको, शेणखतही ओंजळभरच. जास्त खाल्लं की नुसता पाला माजतो आणि वाऱ्यात झाड लवंडतं. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, चार-पाच तुरे येतात. पानं जाळ्यानं गुंडाळलेली दिसली तर आत हिरवी अळी असते, ती पानं तोडून चिरडा.

काळीमाती: पाऊस उघडल्यावर पाणी किती? आणि बी कधी धरायचं?

बांधावरचा: जमिनीत मुळं धरलेल्या झाडाला आठ-दहा दिवसांनी एकदा, मुरेल असं. कुंडीत मात्र दोन-तीन दिवसांनी बघावं लागतं. तुऱ्याचा गुलाबी रंग खालून रुपेरी होत जातो. तो खालचा भाग कागदावर चोळा, काळं चकचकीत बी गळतं. शेजारी कुणाचं शेत असेल तर बाकीचे तुरे त्याआधीच कापा. बी तिकडे सांडलं तर पुढच्या खरिपात खुरपणीच्या वेळी तुमच्या नावानं शिव्या ऐकू येतील.