हत्यारांच्या ट्रेलरवर जनरेटर किती केव्हीएचा घ्यावा आणि कसा बसवावा?

प्रश्न

सर्वांना नमस्कार. तासगाव तालुक्यात माझे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. द्राक्षबागांचे लोखंडी मांडव, बेदाण्याच्या शेड, गोठे, फाटके अशी बहुतेक कामे शेतावर जाऊनच करावी लागतात. शेतीपंपाची वीज कधी दिवसपाळीला तर कधी रात्रपाळीला असते, म्हणून ती असेल तेव्हा पंपाच्या पेटीवरून वायर ओढून मी आजवर काम भागवत आलो. मागच्या महिन्यात मात्र ओल्या मातीत पडलेल्या वायरच्या जोडावरून माझ्या मदतनिसाला जोराचा झटका बसला. तो बचावला, पण त्याच दिवशी मी हा प्रकार कायमचा बंद केला.

आता पिकअपच्या मागे जोडता येईल असा सहा बाय चार फुटांचा, दोन चाकांचा बंद ट्रेलर स्वतःच तयार करण्याचा विचार आहे. त्यात २०० अँपिअरचे सिंगल फेज इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, २२०० वॅटचे १४ इंची कटर मशीन, ८५० वॅटचे दोन ग्राइंडर आणि ड्रिल ठेवायचे आहे. सर्व यंत्रे एकाच वेळी चालत नाहीत, म्हणून ५ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर पुरेसा होईल, असे दुकानदारांचे म्हणणे आहे. जनरेटर ट्रेलरच्या आत मागच्या दाराजवळ बसवून दार उघडे ठेवून चालवावा, असे मला वाटते. यात काही चुकत असल्यास कृपया स्पष्ट सांगावे.

प्रतिसाद १

आपला हिशेब वॅटमध्ये आहे आणि जनरेटर केव्हीएमध्ये विकला जातो. इथेच बहुतेकांची फसगत होते. ०.८ पॉवर फॅक्टर (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) धरला तर ५ केव्हीए म्हणजे ४ किलोवॅट. साध्या इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनचा पॉवर फॅक्टर याहूनही कमी, साधारण ०.६५ च्या आसपास असतो. २.५ मिमीचा रॉड ८० अँपिअरवर चालवताना मशीन जनरेटरकडून सुमारे साडेतीन केव्हीए घेते, ३.१५ मिमीचा रॉड ११० अँपिअरवर लावला की तीच मागणी पाच केव्हीएच्या जवळ जाते. मांडवाचे अँगल आणि पाइप जोडताना आपण ३.१५ चा रॉड वापरणारच, म्हणजे ५ केव्हीएचा जनरेटर दिवसभर पूर्ण ताणावर राहील, व्होल्टेज खाली-वर होईल आणि पहिला फटका वेल्डिंग मशीनच्या सर्किटला बसेल. मी वाईला काम करतो. आमच्याकडे याच कारणाने दोन मशीनचे कार्ड जळाले, त्यानंतर मी ७.५ केव्हीएचा जनरेटर घेतला आणि तो त्रास थांबला.

कटर मशीन सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, म्हणून वेल्डिंग चालू असताना कटरचे बटण दाबू नये. जमेल तेवढे कटिंग वर्कशॉपमध्येच करून माल न्यावा. आणखी एक अनुभव सांगतो. उंचीवर हवा विरळ असल्यामुळे इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला सुमारे ३ टक्के घटते. सुमारे १३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरला माझा जनरेटर खालच्यापेक्षा स्पष्टपणे दमतो. तासगावला एवढा फरक पडणार नाही.

प्रतिसाद २

दादा, जनरेटर बंद ट्रेलरच्या आत चालवण्याचा विचार कृपया पूर्णपणे सोडून द्यावा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे माणसाला धोका कळण्याआधीच ग्लानी येते. माझ्या एका सहकाऱ्याने पावसामुळे शटर अर्धे उघडे ठेवून शेडमध्ये जनरेटर चालवला होता. अर्ध्या तासात त्याचे डोके जड झाले, पाय लटपटू लागले, आणि बाहेरून कोणी आले नसते तर पुढे काय झाले असते याचा विचारही करवत नाही. जनरेटर ट्रेलरच्या पुढच्या बाजूला, पिकअपला जोडणाऱ्या दांड्यावर, जाळीच्या उघड्या पिंजऱ्यात रबरी पॅडवर बसवावा, सायलेन्सरचे तोंड माणसांच्या विरुद्ध दिशेला ठेवावे आणि ग्राइंडरच्या ठिणग्या टाकीकडे जाणार नाहीत अशी जागा कामासाठी निवडावी. रस्त्याने जाताना पेट्रोलचा कॉक बंद करावा, आणि इंजिन थंड झाल्याशिवाय पेट्रोल भरू नये.

झटक्याचा अनुभव आपण घेतलाच आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो. नुसता ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच पडून वीज तोडणारा स्विच) लावून निश्चिंत राहू नये. छोट्या जनरेटरपैकी बहुतेकांत न्यूट्रल (करंटच्या परतीची तार) बॉडीला जोडलेला नसतो. तो तरंगता असला की गळलेल्या करंटला परतीची वाट मिळत नाही आणि गरजेच्या वेळी आरसीसीबी पडतच नाही. परवानाधारक वायरमनकडून न्यूट्रल जनरेटरच्या बॉडीशी एकाच जागी, आरसीसीबीच्या आधी जोडून घ्यावा, तीच बॉडी ट्रेलरच्या चॅसीला जोडावी आणि कामाच्या ठिकाणी अर्थिंगचा रॉड जमिनीत ठोकावा, कारण रबरी चाकांवरचा ट्रेलर जमिनीपासून तुटलेलाच असतो. सर्व वायर तीन कोअरच्या असाव्यात. रोज सकाळी आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून पाहावे. तो पडला नाही तर काम सुरू करू नये.

प्रतिसाद ३

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेदेखील मोटार वाहनच आहे, त्यामुळे नोंदणीशिवाय तो सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. घरी बनवलेल्या ट्रेलरची नोंदणी सहज होत नाही, म्हणून लोखंडाला हात घालण्याआधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि शक्यतो मान्यताप्राप्त उत्पादकाचा ट्रेलर घेऊन आतली मांडणी तेवढी स्वतः करावी.

वजनाचेही सांगतो. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांड्यावर यावा. त्याहून कमी आला तर वेगात ट्रेलर शेपटासारखा डुलतो. शंभर किलोच्या आसपासचा जनरेटर पुढे बसवल्यावर हत्यारांच्या जड पेट्या ऍक्सलच्या किंचित मागे ठेवून तोल साधावा लागेल. आम्ही दांड्याखाली धान्याचा वजनकाटा ठेवून हा भार मोजतो.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. जनरेटर आता ७.५ केव्हीएचाच घेईन आणि तो पिंजऱ्यातच राहील. एक शंका उरते. बागेच्या ओळींत ट्रेलर जात नाही, काम ६० मीटर आत असते. घरी २.५ चौ. मिमीची तांब्याची वायर आहे, ती चालेल का?

प्रतिसाद १

वीस अँपिअरवर ६० मीटर अंतराला त्या वायरमध्ये सुमारे १९ व्होल्ट पडतील, ४ चौ. मिमीची घेतली तर १२. फरक मोठा आहे, ४ चीच घ्यावी. वायर ड्रमवर गुंडाळलेली ठेवून वापरू नये, कारण ती आतून तापते. जोड शक्यतो नकोच. लागलाच तर तो पाणीरोधक इंडस्ट्रियल प्लग-सॉकेटचा असावा आणि मांडवाच्या तारेला न टेकवता लाकडी खुंटीवर, जमिनीपासून वर टांगलेला असावा.