कुत्र्यांची खाऊवाली कोडी: लबाडांचे पराक्रम आणि आपली फजिती

निवांतिका
काल पलंग सरकवला तर भिंतीच्या फटीतून लाल रबराचं ते बोळकं निघालं. एकावर एक तीन चेंडू ठेवून दाबल्यासारखं, मधून पोकळ, आत खाऊ भरायचं खेळणं. कुत्रंवाल्यांना जास्त सांगायला नको. कडेला दातांच्या खुणा, आत काहीतरी वाळून घट्ट बसलेलं. भैरूला जाऊन चार वर्षं झाली. झाडू हातात तसाच धरून बसले फरशीवर.

भैरू वर्षाचा असताना घरात फर्निचर म्हणावं असं काही उरलं नव्हतं. खुर्चीचे पाय, रिमोट, आणि चपला, त्यासुद्धा फक्त डाव्या पायाच्या. सगळे म्हणाले फिरवा जास्त, म्हणून आम्ही सकाळ-संध्याकाळ तास तासभर फिरवायला लागलो. झालं काय, की तो पैलवान झाला आणि आम्ही आडवे. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाय दमवताय, डोकं कधी दमवणार?" आणि हे रबरी प्रकरण घरात आलं. आत त्याचंच खाणं भरून दिलं. वीस मिनिटं घरात चाटण्याशिवाय आवाज नाही. मग एक मोठ्ठा उसासा टाकला आणि चक्क झोपला, भर दुपारी, भैरू!

आठवड्याभरात त्याला कळलं की चाटत बसण्यापेक्षा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून खाली सोडलं की सगळं एकदम सांडतं. चौथीवरून नाही, चौथीवरून ते टप्पा खाऊन कपाटाखाली जायचं. हे त्याचं त्याने शोधलं.

तुमच्याकडच्यांनी काय काय केलंय? लिहा.

शेपटीपुराण
कपाटाखाली!! आमची चिंगी चेंडूवाली, तो गडगडला की एकेक दाणा पडतो तसला. दर चार मिनिटांनी सोफ्याखाली. मग सोफ्यासमोर बसून एकदाच भुंकायचं, एकदाच हं, आणि माझ्याकडे बघायचं. मी उठते, काठी आणते, पालथी पडून चेंडू काढते. परवा लक्षात आलं की ती मुद्दामच ढकलते, कारण काठीबरोबर खाली गेलेले जुने दाणेही बाहेर येतात. आता सांगा कोडं कोण कोणाला घालतंय

गडबडगुंडा
रिमोट आमच्याकडे तीन झाले. बाकी नंतर लिहितो, मीटिंग

भूभूकाकू
निवांतिका, ते काँग कंपनीचं ना गं? त्याची गोष्ट भारी आहे. जो मार्कहॅम म्हणून एक अमेरिकन गृहस्थ, 1970 च्या दशकातली गोष्ट, त्यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून चावून दातांची वाट लावत होता. एकदा ते फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करत होते, फ्रिट्झचं लक्ष दगडावरून हटावं म्हणून गाडीचे सुटे भाग त्याच्याकडे टाकले, त्यातला सस्पेन्शनचा रबरी तुकडा त्याला असा काही आवडला की दगड विसरला. त्या तुकड्याच्या आकारावरून हे खेळणं. म्हणजे मुळात हे कोडं नव्हतंच, दात वाचवायची युक्ती होती. खाऊ भरायचं डोकं पुढचं.

एकटा_जीव
मी एकदम सगळ्यात अवघड लेव्हलचं आणलं. सरकवायच्या फळ्या, खुंट्या, कप्पे, कप्प्यावर झाकण. मला वाटलं आमचा हुशार आहे, लहानपासून दार उघडतो. त्याने दोन मिनिटं हुंगलं, एक फळी ओढली, नाही निघाली, मग सरळ पाट उलटा केला, खुंटी चावली आणि माझ्या पायाशी आणून आपटलं. मला तर फी परत मागायला आलेला पालक आठवला. मग मागे आलो. आधी झाकणं उघडीच ठेवून खाऊ दिसेल असा, मग अर्धवट झाकून, मग पूर्ण. तीन आठवडे लागले पण आता पठ्ठ्या करतो. पहिल्या दिवशीच हरला की तो त्या वस्तूवर कायमचा राग धरतो, हे माझं अनुभवाचं मत.

ह्या फळ्यांवाल्या प्रकारात नीना ओट्टोसन ह्या स्वीडिश बाईंचं नाव मोठं. मुलं लहान असताना कुत्र्यांना वेळ देता येईना म्हणून 1990 च्या दशकात घरच्यांसाठीच बनवायला लागल्या होत्या म्हणे.

शेपटीपुराण
फी परत 😂😂

मध्यरात्रीचा_मोती
कडक प्लास्टिकचा चेंडू + फरशी + पहाटे पाच = खालच्या मजल्यावरच्या काकांशी ओळख. त्यांना वाटलं आम्ही गोट्या खेळतो.

गडबडगुंडा
@मोती जाड सतरंजी टाक खाली, नाहीतर मऊ रबराचा घे. आणि पहाटे पाचला का देतोस पण

मध्यरात्रीचा_मोती
मी नाही देत. त्याने कपाटाचा खालचा खण उघडायला शिकलंय, चेंडू काढतो आणि रिकामाच फिरवत बसतो, कधीतरी पडेल ह्या आशेवर

सावलीमागे
थोडं वेगळं लिहिते. माझी राणी शेल्टरमधून आणलेली. बाहेर जाताना तिच्यासमोर भरलेलं खेळणं ठेवायचे, परत आले की जसंच्या तसं दाराशी. मी आत पाऊल टाकलं की मग तुटून पडायची. मला वाटायचं हट्टी आहे, मी असल्याशिवाय खाणार नाही असं नखऱ्याचं प्रेम. लोकांना कौतुकाने सांगायचेही. मग एकदा मोबाईलचा कॅमेरा लावून गेले. पाऊण तास नुसती धापा टाकत दार ते खिडकी. खेळण्याला दोनदा पाय लागला तरी खाली बघितलं नाही. ती भुकेली असून खाऊ शकत नव्हती. तो व्हिडिओ मी पूर्ण नाही बघू शकले.

खेळणं हा त्यावर उपाय नव्हता. डॉक्टर आणि ट्रेनर दोघांची मदत घेतली, दाराबाहेर दहा सेकंद, मग तीस, मग दोन मिनिटं असं महिनोन्महिने. आता मी बूट घातले की ती स्वतः मॅटवर जाऊन खेळण्याची वाट बघते. कोणाचं कुत्रं एकटं असताना काहीच खात नसेल तर प्लीज कॅमेरा लावून बघा.

भूभूकाकू
बाळे, केवढं धीराने केलंस. राणीला कानामागे खाजव माझ्याकडून.

निवांतिका
सावलीमागे 🫂 मलाही असंच वाटलं असतं, लाडात आहे म्हणून

तूपरोटी_नको
एक अतिशय महत्त्वाचं!!! आत पीनट बटर भरणाऱ्यांनी डब्यावरचं बारीक अक्षर वाचा. झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असेल तर अजिबात नको. कधीकधी बर्च शुगर असंही लिहिलेलं असतं. कुत्र्याच्या अंगात त्याने इन्शुलिन एकदम वाढतं, साखर धाडकन खाली येते, लिव्हरलाही धोका. मी शुगर-फ्री म्हणून हौसेने आणलेला डबा, चमचा आत घातलेला, आणि बहिणीचा फोन आला म्हणून वाचले. तिने विचारलं काय करतेस, मी सांगितलं, ती किंचाळली. द्राक्षं मनुका चॉकलेट कांदा पण नाही. मी आता उकडलेला भोपळा कुस्करून भरते नि फ्रीजरला टाकते, गोठलेलं असलं की दुप्पट वेळ पुरतं.

एकटा_जीव
फ्रीजरवरून आठवलं, बायकोने एकदा आईस्क्रीम समजून

शेपटीपुराण
समजून काय?? अर्धवट सोडू नका हो

एकटा_जीव
भोपळाच होता. म्हणाली गोड कमी आहे.

दोन_वाघ
दोन कुत्री असतील तर दोन खोल्या. बास एवढंच. आमच्या थोरल्याने स्वतःचं संपवून धाकट्याच्या खेळण्यावर पंजा ठेवला, आजवर कधी गुरगुरले नव्हते ते एकमेकांच्या मानेला. आता मध्ये दार बंद, दोन्ही रिकामी झाली की उचलून ठेवायची, मग दार उघडायचं.

आणि एकाच भोकाचं पोकळ खेळणं घेऊ नका, आत हवा ओढली जाऊन जीभ अडकू शकते. हवेला दुसरं भोक पाहिजेच. तोंडात मावेल इतकं लहानही नको.

आजीचा_टॉमी
आमचा तेरा वर्षांचा, दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. आम्ही जुने टीशर्ट फाडून, रबरी जाळीला पट्ट्या बांधून हुंगायची चटई केली, त्यात दाणे लपवतो. त्याला मुळीच अडत नाही. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी 50-60 लाख, ह्यांच्याकडे 20 कोटींच्या पुढे, त्याच्या दृष्टीने आपणच आंधळे असू. नाक खुपसून फूं फूं करत एकेक पट्टी बाजूला करतो, आणि शेपूट, जी बाकी दिवसभर पडलेली असते, ती हलत असते. सासूबाई रोज शेजारी बसून "डावीकडे रे, डावीकडे" सांगतात. त्याला ऐकूही येत नाही.

बोकोबा_चालक
मांजरवाली मी, घुसखोरी करते. 1963 मध्ये ग्लेन जेन्सन नावाच्या संशोधकाने उंदरांवर प्रयोग केला होता, वाटीत फुकट खाणं समोर असताना बरेच उंदीर कळ दाबून कमावलेलं खायला जायचे. नंतर बऱ्याच प्राण्यांत हे दिसलं. 2021 ला मांजरांवर करून बघितलं तर बहुतेक सगळी फुकटच्या ताटलीवर. आयत्या बिळावर नागोबा! माझा बोकोबा तर कोड्याशेजारी आडवा होऊन मी उघडून द्यायची वाट बघतो

शेपटीपुराण
म्हणजे चिंगी मांजर आहे.

गडबडगुंडा
आलो मीटिंगमधून. आमचं वेगळंच झालं, खेळण्यातला खाऊ हा जेवणाव्यतिरिक्त देत राहिलो. चार महिन्यांत साहेबांचा पट्टा दोन भोकं पुढे. डॉक्टर म्हणाले वरचा खाऊ दिवसाच्या कॅलरीच्या 10 टक्क्यांत बसवा. आता वाटी बंदच केली, सकाळचं अख्खं जेवण कोड्यातून. पूर्वी चाळीस सेकंदात गिळून ठसका लागायचा.

तूपरोटी_नको
आणि धुता कसं ते सांगा कोणीतरी, माझ्याकडे मुंग्या

आजीचा_टॉमी
बाटलीचा ब्रश. गरम पाण्यात भिजवून मग. वास आला किंवा काळं दिसलं तर टाकून द्या सरळ.

निवांतिका
भिजवूनच ठेवलंय कालपासून. अर्धं सुटलं. मुलगी विचारत होती टाकायचं का, म्हटलं राहू दे गं बादलीत अजून एक दिवस.

@एकटा_जीव वहिनींना सांगा दालचिनी चिमूटभर टाकून बघा म्हणावं, त्यांच्या वाट्याला.

एकटा_जीव
सांगितलं. बादली आमच्याकडे फेकणार आहे म्हणते.