5-10 रुपयांची तिकिटं एकेक करून विकणं परवडतं का?

मीनल_नाशिक
नमस्कार मंडळी. सासऱ्यांचा पोस्टाच्या तिकिटांचा मोठा संग्रह आहे, त्यातली डबल झालेली विकायला काढायची असं त्यांनीच ठरवलंय. बहुतेक 1965 नंतरची, वापरलेली. आंब्याच्या टोपलीचं 50 पैशांचं, नॅट विमानाचं 20 पैशांचं असली ढीगभर आहेत आणि ऑनलाइन भाव बघितला तर 5-10 रुपयाला एक. आता एकेक चिमट्याने उचला, कडेचे दाते शाबूत आहेत का बघा, पुढून मागून फोटो काढा, माहिती टाइप करा, मग कोणीतरी विचारणार लास्ट प्राइस काय, मग पाकीट करून पोस्टात जा... एवढं करून मेहनतीचे तरी सुटतात का? घाऊक देऊन टाकायला त्यांचा जीव होत नाही.

जुनाबाजारवाला
ताई, एकेक विकून अजिबात नाही परवडत, स्पष्टच सांगतो. मी बुधवार-रविवार पुण्यात जुन्या बाजारात बसतो आणि ऑनलाइनपण विकतो. आधी रजिस्टर पोस्टाने स्वस्तात काम व्हायचं, ते 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टात मिळवलं. आता 50 ग्रॅमपर्यंतचं पाकीट गावाबाहेर पाठवायचं तर 47 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 55 च्या वर गेलं. 10 रुपयाच्या तिकिटावर 55 कोण देणार? साध्या टपालाने पाठवलं आणि पोचलं नाही तर गिऱ्हाईक आपल्यालाच धरतं. म्हणून मी 300 च्या खाली ऑर्डरच घेत नाही. विषय लावून पाकिटं करा, पक्षी, रेल्वे, गांधीजी, 50 वेगवेगळी एका पाकिटात. एक फोटो, एक वर्णन, संपलं. मुलांसाठी घेणारे पालक हेच मागतात. नॅट आणि आंबे मात्र किलोने पडलेत सगळ्यांकडे, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

शिक्केवाला
वरच्यांचं पाकिटांचं बरोबर आहे पण आंबे-नॅट सरसकट बाजूला टाकू नका हो, प्लीज!! आधी शिक्का बघा. छोट्या गावाच्या पोस्टाचं नाव आणि तारीख गोल शिक्क्यात स्वच्छ उमटली असेल तर तेच 5 रुपयाचं तिकीट आपल्या जिल्ह्याचे शिक्के जमवणारा माणूस 50 ला आनंदाने घेतो. आरएमएसचे म्हणजे रेल्वे टपाल सेवेचे, लष्करी पोस्टाचे शिक्के वेगळे काढा. आणि जी अजून पाकिटावर चिकटलेली आहेत ती पाण्यात भिजवून सोडवू नका, अख्खं पाकीट पत्त्यासकट ठेवा, तिकीट सुटं केलं की शिक्का अर्धा तुटतो आणि किंमत गेली. फक्त खाजगी पत्ते असतील तर फोटोत झाका.

नाणी_सोलापूर
नाण्यांचंही तेच आहे. कमळाचं पिवळं 20 पैशांचं नाणं घेऊन लोक येतात, लाखाला जातं म्हणून कुठेतरी व्हिडिओ बघितलेला असतो, मला फार वाईट वाटतं त्यांना खरं सांगताना. जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या ऑफरपासून सावध राहा म्हणून रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये जाहीर सांगितलंय. विकायच्या आधी कोणी चार्जेस, कमिशन मागितलं तर फोन ठेवा. माझी विक्री बरीचशी यादीवर चालते, म्हणजे समोरचा सांगतो मला अमुक सालाचं मुंबई टांकसाळीचं हवं, सालाखाली हिऱ्याची खूण असलेलं, मी डब्यातून तेवढंच काढतो. 15 रुपयाची 20 नाणी एकदम जातात आणि तो माणूस परत येतो. तासाची मजुरी काढली तर कमीच भरेल, पण अल्बममधला रिकामा खण भरला की त्याचा जो मेसेज येतो ना, त्याच्यासाठी मी हे करतो.

मीनल_नाशिक
खूप मदत झाली सगळ्यांची. शिक्क्यांचं माहीतच नव्हतं, सासरे लगेच भिंग घेऊन बसलेत. धुळे-नंदुरबारकडचे बरेच दिसतायत, त्यांची नोकरी तिकडेच झाली. वेगळे काढून ठेवू ना?

शिक्केवाला
हो हो, नक्की. गावाचं नाव वाचता येईल असे फोटो इथेच टाका, शहाद्या-तळोद्याचे जुने असतील तर मीच घेतो.